कानबाईचा सोमवार, जुम्म्याची नमाज आणि मस्टर: नोकरीत धर्मावरून अडचण आली तर काय करायचे

खानदेशात कानबाई ही लोकदेवी बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रविवार बहुतेकांच्या सुट्टीचाच, त्यामुळे त्या दिवशी कुणाचे अडत नाही. अडते सोमवारी. रात्रभर जागरण, सकाळी विसर्जन, आणि एमआयडीसीत सातची पाळी. खाडा पडतो, मंगळवारी मुकादम चार शब्द सुनावतो, पगारातून दिवस कापला जातो. रमजान ईदचे वेगळेच: चंद्र दिसेपर्यंत तारीख पक्की नसते आणि रजेच्या अर्जावर तर तारीख लिहावीच लागते. सातपुड्यातून कापसाच्या जिनिंगवर आलेला पावरा किंवा भिल्ल कामगार होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारापासून होळीपर्यंत गावीच असतो; आठवडाभराने परत येतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

या तिघांनाही वाटते की धर्म पाळू देण्याचा काहीतरी कायदा असेलच. सरकारी नोकरीबाहेर तसा एकही कायदा भारतात नाही, हे पहिल्यांदा पक्के समजून घ्या. अपंग व्यक्तींसाठी २०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोय’ करण्याचे बंधन आहे. धर्मासाठी तसे कलम लिहिलेले नाही. मोबाईलवर शोधले की अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा समोर येतो. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने धर्मपालनासाठी सोय करावी असे तो म्हणतो, आणि २०२३ मध्ये ग्रॉफ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन आणखी कडक केले. ते सगळे तिथले. त्यातली वाक्ये इथल्या अर्जात उतरवली की व्यवस्थापकाला एवढेच कळते की अर्जदाराला स्वतःचा कायदा माहीत नाही.

आपल्याकडे काम होते ते रजा, विश्रांतीची वेळ, शिस्तीचे नियम आणि अनुचित कामगार प्रथा (मालकाची कायद्याने मनाई केलेली वागणूक) या चार साध्या गोष्टींतून. म्हणून अर्जात धर्मापेक्षा मिनिटे, तारखा आणि बदली माणूस जास्त ठळक हवा.

पहिली पायरी: मालक नेमका कोण

भुसावळची रेल्वे, भुसावळ-वरणगावचे आयुध कारखाने, दीपनगरचे वीज केंद्र, एसटी, जिल्हा परिषद, विद्यापीठ, राष्ट्रीयीकृत बँक ही सगळी राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्य’ आहेत. त्यांच्यावर अनुच्छेद १४ आणि १६ थेट लागू होतात. फक्त धर्माच्या कारणावरून नोकरी नाकारता येत नाही, नोकरीत भेदभाव करता येत नाही, असे अनुच्छेद १६(२) स्पष्ट म्हणतो. १६(५) मध्ये अपवाद आहे तो धार्मिक संस्थेच्या कारभाराशी निगडित पदांचा. मंदिराच्या पुजाऱ्याची किंवा तशा संस्थेच्या कारभाऱ्याची जागा त्या धर्माच्या माणसासाठी राखता येते. हा अपवाद कार्यालयातल्या शिपायापर्यंत ताणू नका.

खासगी कारखाना, डाळ मिल, चटईचा कारखाना, जिनिंग, दुकान, शोरूम, खासगी दवाखाना यांच्यावर अनुच्छेद १६ चालत नाही. तिथे कामगार कायदे चालतात. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळा असेल तर १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा. ठेकेदाराकडून काम असेल तर दोन नावे शोधून ठेवा, ठेकेदाराचे आणि ज्याच्या आवारात तुम्ही काम करता त्याचे. पगाराची चिठ्ठी, ईएसआयचा क्रमांक, पीएफच्या पासबुकातले आस्थापनेचे नाव, गेटपास: एवढ्या चार कागदांवरून मालक कोण हे ठरते. पुष्कळ तक्रारी चुकीच्या नावावर केल्यामुळे पहिल्याच तारखेला अडकतात.

दुसरी पायरी: मागणी आहे की तक्रार

‘मला शुक्रवारी पाऊण तास हवा’ ही मागणी. ‘बाकीच्यांना देता, मला देत नाही’ ही तक्रार. दोन्ही एकाच अर्जात घातल्या की मागणी मागे पडते आणि तक्रारीवर भांडण सुरू होते. आधी साधी मागणी लेखी द्या, उत्तराची वाट पाहा. नकार आला, किंवा उत्तरच आले नाही आणि त्याच काळात दुसऱ्या कुणाला तशीच सोय मिळाली, तर तक्रारीला पाया तयार होतो.

सणाची सुट्टी

दुकान आणि व्यापारी आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. सुरुवातीला तो १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. २०२५ च्या दुरुस्तीने ही रेषा २० वर गेली. या कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून, त्या भागाचा रिवाज पाहून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात.

हे ‘मिळून’ आणि ‘वर्ष सुरू होण्याआधी’ फार कमी ठिकाणी घडते. बहुधा मालक दिवाळीचे दोन दिवस, दसरा आणि धुळवड लिहून मोकळा होतो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सर्वांनी मिळून एक पान लिहून द्या. २५ माणसांच्या दुकानात समजा १५ हिंदू, ६ मुस्लीम, ३ बौद्ध आणि १ जैन असतील, तर चार सुट्ट्यांत सगळ्यांचे सगळे सण बसणार नाहीत. मार्ग असा की दोन सुट्ट्या सर्वांना सारख्या, आणि दोन ज्याच्या-त्याच्या पसंतीच्या, यादीतून निवडायच्या: आखाजी (अक्षय तृतीया), कानबाईचा सोमवार, रमजान ईद, बकरी ईद, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, संवत्सरी, नाताळ. दुकान बंद ठेवावे लागत नाही, म्हणून मालकही तयार होतो. ठरले की कागदावर दोन्हीकडच्या सह्या आणि तारीख. या आठांशिवाय याच कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजाही आहे.

कारखान्यात हिशेब वेगळा. नव्या चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार वर्षात १८० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा मिळते. २४० दिवस भरलेत तर १२ दिवस. जुन्या कारखाना कायद्यात हीच अट २४० दिवसांची होती. जिनिंगचा हंगाम साधारण पाच महिन्यांचा. महिन्याला २६ धरले तरी १३० दिवस होतात, म्हणजे हंगामी कामगाराला १८० चा उंबरठा गाठताच येत नाही. त्याने होळीची रजा ‘हक्काची’ म्हणून मागू नये. कामावर चढतानाच ठेकेदाराकडून लिहून घ्यावे: होळीआधी अमुक तारखेपासून अमुक दिवस बिनपगारी रजा, परतल्यावर त्याच कामावर हजर करून घेणे. टोळीच्या मुकादमाने सर्वांसाठी एकच कागद केला तरी चालतो, फक्त प्रत्येकाचे नाव त्यावर हवे.

रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा, हा जुन्या कारखाना कायद्यापासूनचा सराव अजूनही सगळीकडे चालतो. ईदसाठी तारीख लिहिताना अशी लिहा: ‘दि. अमुक; चंद्रदर्शनानुसार एक दिवस पुढे गेल्यास दि. अमुक.’ हे अर्धे वाक्य नसले तर दुसऱ्या दिवशीचा खाडा ‘विनापरवानगी गैरहजेरी’ ठरतो, आणि ती नोंद वर्षानंतर भलत्याच प्रकरणात पुढे काढली जाते.

केंद्र सरकारच्या प्रशासकीय कार्यालयांत वर्षाला दोन निर्बंधित सुट्ट्या स्वतःच्या पसंतीने घेता येतात. पुष्कळ जण त्या मागतच नाहीत आणि मग किरकोळ रजा संपली म्हणून कुरकुरतात.

शुक्रवारची वेळ: अर्ज कुठे चुकतो

नमाजासाठी वेळ मागणारा अर्ज बहुतेकदा ‘मला धर्मपालनाचा मूलभूत अधिकार आहे’ असा सुरू होतो आणि तिथेच बंद पडतो. व्यवस्थापकाला तीनच गोष्टी कळायला हव्यात: किती मिनिटे, यंत्रावर कोण, वेळ भरून कशी निघणार.

आणखी एक फसगत वेळेच्या गणितात होते. कारखान्यात विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांती किमान अर्ध्या तासाची लागते. तुमची पाळी आठला सुरू होत असेल तर विश्रांती उशिरात उशिरा एकला सुरू व्हायला हवी. मशिदीत जमात (सामूहिक नमाज) सव्वाला उभी राहते म्हणून तुम्ही सव्वाची विश्रांती मागितलीत, तर सलग काम सव्वापाच तास होते आणि अर्ज कायद्यावर बोट ठेवूनच फेटाळता येतो. म्हणून एकपासून मागा.

नमुना असा:

‘मी सामान्य पाळीत (सकाळी ८ ते दुपारी ४.३०) पॅकिंग विभागात काम करतो. माझी विश्रांती १२.३० ते १.०० अशी आहे. शुक्रवारच्या सामूहिक नमाजासाठी दर शुक्रवारी ती १.०० ते १.४५ अशी मिळावी. जादा १५ मिनिटे मी त्याच दिवशी ४.३० ते ४.४५ काम करून भरून देईन. त्या वेळेत माझ्या जागी उभे राहण्यास श्री. … तयार आहेत, त्यांची सही खाली आहे. ही व्यवस्था चार शुक्रवार करून पाहावी आणि नंतर कायम करण्याचा विचार व्हावा, ही विनंती.’

‘चार शुक्रवार करून पाहावी’ हे वाक्य वगळू नका. कायमची परवानगी द्यायला खालचा अधिकारी घाबरतो, महिन्याभराची तो स्वतःच्या सहीने देऊ शकतो. चटई किंवा पाईपच्या कारखान्यात मशीन चोवीस तास चालते, तिथे रिलीव्हरचे (बदली माणसाचे) नाव नसेल तर अर्ज वाचलाही जात नाही. रिलीव्हर दुसऱ्या धर्माचा मिळाला तर दोघांचेही भागते: तो शुक्रवारी तुमच्या जागी, तुम्ही कानबाईच्या सोमवारी त्याच्या जागी.

रमजानमध्ये दुसऱ्या पाळीवाल्याला इफ्तारसाठी १५ मिनिटे पुरतात. सूर्यास्ताची वेळ महिनाभरात थोडी सरकते, म्हणून अर्जाला मशिदीचे छापील वेळापत्रक जोडा. रोज नव्याने विचारायची वेळ येत नाही. महिनाभर उपास असलेल्या माणसाने भट्टी, बॉयलर किंवा उंचावरचे काम असेल तर पाळी बदलून मागणे रास्त आहे. ती मागणी सुरक्षिततेच्या नावाने करा, लवकर मान्य होते.

अर्ज दोन प्रतींत. एकीवर आवक शिक्का किंवा सही-तारीख. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोचचा कागद जपून ठेवा. साहेब तोंडी ‘बरं, जा’ म्हणाले, तर त्याच संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक ओळ: ‘आज सांगितल्याप्रमाणे दर शुक्रवारी १ ते १.४५ विश्रांती घेईन. धन्यवाद.’ साहेब बदलला की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर जाते, ही ओळ मागे राहते.

दाढी, पगडी, हिजाब, माळ, गंडादोरा

इथे भावनेपेक्षा यंत्र महत्त्वाचे. जिनिंगचा पट्टा, चटईचा वाइंडर, कन्व्हेयरचा रोलर ओढणी, उपरणे, लोंबता गंडा किंवा गळ्यातली माळ पाहतो तेव्हा धर्म विचारत नाही. चालत्या यंत्राजवळ अंगाला घट्ट बसणारे कपडेच हवेत, हा कारखाना कायद्यातला जुना नियम. यावर भांडून कुणी जिंकत नाही आणि जिंकूही नये. मार्ग मधला काढता येतो: लोंबत्या ओढणीऐवजी डोक्याला घट्ट बसणारी, पिन नसलेली शिवलेली टोपीवजा ओढणी, तिची टोके एप्रनच्या आत, माळ शर्टाच्या आत, एका झटक्यात तुटेल अशा दोऱ्यात, हातातला दोरा दंडावर. अन्नप्रक्रियेच्या जागी दाढीला जाळी आणि डोक्याला टोपी घातली की दाढी हा प्रश्नच उरत नाही. चेहऱ्याला चिकटून बसणारा धूळ-वायूचा मास्क मात्र दाढीवर नीट बसत नाही, कडेने हवा आत शिरते. अशा जागी दाढीवाल्याला हूडचा, हवा पुरवणारा मास्क द्यावा लागतो किंवा जागा बदलावी लागते. मालकाने ‘दाढी काढ नाहीतर घरी बस’ म्हणण्याआधी हे दोन्ही पर्याय पाहिले होते का, हे लेखी विचारा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी घातलेल्या शिखाला हेल्मेटची सूट आहे. ती रस्त्यावरच्या दुचाकीपुरती. कारखान्यातल्या हेल्मेटला ती लागू होत नाही, हे डिलिव्हरीचे काम सोडून गोदामात आलेल्याने लक्षात ठेवावे.

सुरक्षिततेचा नियम खरा की निमित्त, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे: तो सगळ्यांना लागतो का? महिला कामगाराचा हिजाब बंद करायला सांगितला, आणि शेजारच्या मशीनवर कुणाचे उपरणे गळ्यात लोंबते आहे, किंवा सुपरवायझर स्वतः हेल्मेटशिवाय फिरतो आहे, तर ‘सुरक्षितता’ हे कारण डळमळते. दुकानाच्या काउंटरवर यंत्रच नाही, तिथे तर हे कारण टिकतच नाही. तिथे मालक ‘गणवेश’ म्हणेल. मग गणवेशाचा नियम लेखी आहे का, कधीपासून आहे, टिळा-कुंकू-गंडा याबद्दल तो काय म्हणतो, हे मागा.

गणवेशी दलांत न्यायालये शिस्तीच्या बाजूने झुकली आहेत, हे अपेक्षा ठेवताना ध्यानात घ्या. हवाई दलातल्या दाढीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दलाचा निर्णय कायम ठेवला. रेजिमेंटच्या पूजास्थानाच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची बडतर्फी २०२५ मध्ये आधी दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. पण हे निकाल दाखवून कुणी शोरूमच्या विक्रेत्यावर नियम लादत असेल तर सांगा की ती लष्कराची शिस्त आहे, कपड्याच्या दुकानाची नव्हे.

पूजेला उभे राहायचे नसेल, वर्गणी द्यायची नसेल

खंडेनवमीला यंत्रांची पूजा, गणपतीत आरती, नव्या शेडला सत्यनारायण हे आपल्याकडे कारखान्याच्या कामकाजाचाच भाग समजतात. बौद्ध, मुस्लीम, ख्रिस्ती किंवा नास्तिक कामगार बाजूला उभा राहिला तर तो गैरशिस्त ठरतो का? नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, शाळेने त्याचे आर्थिक लाभ अडवले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की असे हात जोडायला लावता येत नाही. शिक्षक प्रार्थनेला हजर राहत होता, फक्त हात जोडत नव्हता, हा तपशील महत्त्वाचा. त्याआधी १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी, पण न गाणारी मुले सर्वोच्च न्यायालयाने शाळेत परत घ्यायला लावली होती.

दोन्ही निकालांतून वागण्याची एकच रीत निघते: कामाच्या वेळेत असाल तर जागेवर हजर राहा, गडबड करू नका, टोमणा मारू नका, आणि पूजेत भाग घेऊ नका. खासगी कारखान्यात हे निकाल थेट बांधत नसले तरी शिक्षा झाली तर ती सूडाची आहे हे दाखवायला उपयोगी पडतात.

वर्गणीचे तर अगदी सरळ आहे. पगारातून काय कापता येते याची यादी वेतन संहितेत दिलेली आहे. गणपती, उरूस, भंडारा, कुठल्याही सणाची वर्गणी त्यात नाही. पगाराच्या चिठ्ठीवर ‘इतर’ म्हणून १०० रुपये कापलेले दिसले तर ते कशाचे ते लेखी विचारा.

भेदभाव सिद्ध कसा होतो

‘साहेबाला आमचा धर्म खपत नाही’ हे न्यायालयात पुरत नाही. पुरते ती तुलना. एक जवळून पाहू. समजा मार्चमध्ये एका विभागात पाच जण वीस मिनिटांपेक्षा जास्त उशिरा आले. त्यांतल्या चौघांच्या नावापुढे मस्टरवर फक्त वेळ लिहिली, पाचव्याला कारणे दाखवा नोटीस. हाच प्रकार एप्रिलमध्ये, तोच पाचवा. आता प्रश्न साहेबाच्या मनात काय आहे हा राहत नाही, मस्टरवर काय आहे हा होतो. कामगार कायद्यात याला नाव आहे: गुणवत्ता न पाहता एका गटावर मेहेरनजर दाखवणे. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ते पाचव्या कलमात आहे, आणि सूडाने कामावरून काढणे पहिल्या कलमात. औद्योगिक संबंध संहिता २०२० च्या दुसऱ्या अनुसूचीतही हीच भाषा आहे.

म्हणून वही ठेवा. प्रत्येक घटनेला तारीख, वेळ, जागा, कोण बोलले, नेमके शब्द, कोण हजर होते. ‘शिवीगाळ केली’ असे लिहू नका, शब्द लिहा, मग ते कितीही घाणेरडे असोत. त्याच दिवशी लिहा. आठवड्याने एकाच शाईत लिहिलेली दहा पाने उलटतपासणीत लगेच ओळखू येतात.

व्हॉट्सअॅपचा नुसता स्क्रीनशॉट अपुरा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. मूळ मेसेज पुसू नका, फोन विकू नका, ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका.

धर्माच्या अपमानासोबत जात आली तर प्रकरण बदलते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध व्यक्तीही अनुसूचित जातीत मोडू शकते. आदिवासी तर कुठलाही धर्म पाळत असला तरी अनुसूचित जमातीतच राहतो. लोकांसमोर जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. धर्मभावना दुखावण्याच्या हेतूने मुद्दाम बोललेल्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०२ आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. पण पाळीच्या वादात फौजदारी कलम घुसवायची घाई करू नका. गुन्हा नोंदला की दोन्ही बाजू घट्ट होतात, आणि नोकरीचा प्रश्न वर्षानुवर्षे बाजूला पडतो.

नोटीस आली तर

कारणे दाखवा नोटीस घ्यायला नकार देऊ नका. सही करताना शेजारी लिहा: ‘प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही. दि. … वेळ …’ कोऱ्या कागदावर, किंवा ‘माफीनामा लिहून दे, विषय मिटवतो’ म्हटल्यावर सही नको. तोच माफीनामा पुढे कबुली म्हणून लागतो. उत्तर मुदतीत द्या, छोटे द्या, आणि त्यात तुमच्या आधीच्या अर्जाची तारीख आणा: ‘दि. २ मार्चच्या अर्जाने मी ही वेळ मागितली होती, तिचे उत्तर मिळालेले नाही.’

निलंबन झाले तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून, आणि चौकशी तुमच्यामुळे लांबली नसेल तर त्यानंतर ७५ टक्के. चौकशीला प्रत्येक तारखेला जा. चौकशी अधिकारी पक्षपाती वाटला तरी तसे लेखी नोंदवून बसा. उठून गेलात तर चौकशी एकतर्फी होते आणि पुढे तुमचे ऐकणे अवघड होते.

कुठे जायचे, किती दिवसांत

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. २० किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवीच, मालकाची आणि कामगारांची माणसे सारख्या संख्येने, एकूण दहापर्यंत. घटनेपासून एक वर्षात तिथे अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत काम संपवायचे असते. समितीच नसेल तर ‘समितीच्या सदस्यांची नावे कळवावीत’ असा एका ओळीचा अर्ज द्या. समितीच्या निर्णयाने भागले नाही तर ६० दिवसांत तुमच्या संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे (वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येते. थेट कामावरूनच काढले असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात समेटासाठी अर्ज करा; दोन वर्षांपलीकडे ते दार बंद होते.

अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीला १९७१ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून ९० दिवस आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागते. सूडाने काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात, मेहेरनजरेची औद्योगिक न्यायालयात जाते. कुठले कलम लावायचे ते वकील पाहील, कॅलेंडरवर नव्वदावा दिवस लाल शाईने तुम्ही गोल करा. व्यवस्थापकाचे किंवा प्रशासकीय काम करत असाल, किंवा देखरेखीच्या पदावर महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असेल, तर औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येत तुम्ही ‘कामगार’ नसाल, आणि ही दारे बंद असतील. नेमणूकपत्रात पद काहीही लिहो, प्रत्यक्ष काम काय करता यावर ते ठरते.

खासगी शाळेतून काढले, खालच्या पदावर आणले किंवा ज्येष्ठता डावलली तर शाळा न्यायाधिकरणात अपिलाला फक्त ३० दिवस मिळतात. अल्पसंख्याक शाळेत मुख्याध्यापक आणि कळवलेल्या आणखी तिघांपर्यंतची भरती १९७७ च्या शाळा कर्मचारी कायद्याबाहेर आहे; बाकी कर्मचाऱ्यांची नाही. रेल्वे आणि केंद्राच्या इतर कर्मचाऱ्यांनी आधी खात्यात अपील, मग केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. राज्याच्या कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. दोन्हीकडे मुदत साधारण एक वर्ष. त्यापुढे उच्च न्यायालय. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ.

वकिलाची फी हा अडसर मानू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज, किंवा १५१०० वर फोन.

नोकरी मिळण्याआधीच नाकारली गेली तर खासगी क्षेत्रात हाताशी फार थोडे आहे. तोंडी नकाराला पुरावा नसतो. लेखी असेल तर वाट निघते: २०१५ मध्ये मुंबईत एका तरुणाला ‘आम्ही फक्त बिगरमुस्लीम उमेदवार घेतो’ अशी ई-मेल आली तेव्हा पोलिसांनी तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम १५३-ब खाली गुन्हा नोंदवला होता. आता ते कलम न्याय संहितेत १९७ आहे.

तडजोडीचा कागद

पुष्कळ प्रकरणे कामगार कार्यालयाच्या टेबलावर मिटतात, आणि मिटली तर बरेच; गावात एकमेकांचे तोंड रोज पाहायचे असते. पण कागद वाचून सही करा. ‘समज दिली, विषय संपला’ एवढेच असेल तर पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. कागदावर असे असावे: कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटे, भरपाई कशी, कोणत्या तारखेपासून; नोटीस मागे घेतली आणि सेवापुस्तिकेतली नोंद रद्द; कापलेला पगार अमुक रुपये अमुक तारखेपर्यंत जमा. ‘कामगाराने स्वेच्छेने राजीनामा दिला’ हे वाक्य कुठल्या तरी परिच्छेदाच्या शेवटी बारीक अक्षरात बसलेले असते. ते खोडून शेजारी दोघांच्या सह्या घ्या. हंगामी कामगार असाल तर आणखी एक ओळ: ‘पुढील हंगामात जुन्या हजेरीच्या क्रमाने बोलावले जाईल.’ ती नसेल तर दिवाळीनंतर जिनिंग सुरू होते, टोळीतल्या सर्वांना फोन येतो आणि तुम्हाला येत नाही. तेव्हा गेल्या हंगामाचा पीएफचा भरणा आणि मुकादमाची हजेरीची वही एवढ्यावरच सगळे सिद्ध करावे लागते.